वाचकांचे प्रश्न : अँटेनाची तार किती जाड हवी?

प्रश्न : ७ मेगाहर्ट्‌झसाठी घरीच डायपोल (मधोमध केबल जोडलेला, दोन बाजूंना तार असलेला अँटेना) बांधायचा आहे. हाताशी १ मिमी व्यासाची एनॅमल्ड तांब्याची तार आहे. पण १४ गेजहून बारीक तार घेतली तर निम्मी पॉवर तारेतच जिरते, असं ऐकलं. खरं आहे का?

उत्तर : नाही, बिनधास्त वापरा. इतक्या उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या गाभ्यातून जातच नाही. ७ मेगाहर्ट्‌झला तो तांब्यात जेमतेम ०.०२५ मिमी खोल शिरतो. म्हणून इथे तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ मोजायचं नाही, परीघ मोजायचा. व्यास दुप्पट केला की रोध (रेझिस्टन्स) निम्मा होतो, पाव नाही. १ मिमी तारेच्या २० मीटर डायपोलमध्ये हा रोध फीडपॉइंटला (केबल जोडतो तिथे) साधारण २.२ ओहम भरतो, तर रेडिएशन रेझिस्टन्स (लहरींच्या रूपाने बाहेर जाणाऱ्या पॉवरचा हिशेब देणारा रोध) ६०-७० ओहमच्या घरात असतो. म्हणजे १०० वॉटपैकी तीनेक वॉट तार तापवण्यात गेले. २ मिमीची तार घेतलीत तर दीड वॉट जातील. हा फरक एका डेसिबलच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. समोरच्या स्टेशनच्या मीटरवर तो दिसणार नाही.

आणि कोणी ‘१४ गेज’ म्हणालं की कुठलं गेज ते आधी विचारा. ब्रिटिश एसडब्ल्यूजीत १४ म्हणजे २.०३ मिमी, अमेरिकन एडब्ल्यूजीत १.६३ मिमी. सरळ मिमीत बोलावं, म्हणजे घोळ होत नाही.

प्रश्न : माझा डायपोल बांधला तेव्हा ७.१० मेगाहर्ट्‌झला रेझोनंट (त्या वारंवारतेला नेमका जुळलेला) होता. काही महिन्यांत तो ६.९६ वर आला. जोड सगळे ठीक आहेत. तार १ मिमीची, साध्या मऊ तांब्याची. दोन्ही टोकं खांबांना घट्ट बांधली आहेत आणि मधून १० मीटर आरजी-२१३ केबल लोंबते.

उत्तर : तार ताणली गेली. वारंवारता २ टक्के उतरली, म्हणजे २० मीटर तार ४० सेंमी लांबली. जाडीचा खरा प्रश्न इथे आहे : ताकदीचा. १० मीटर आरजी-२१३ चं वजन दीड किलोच्या आसपास असतं. दोन खांबांमधल्या २० मीटरच्या गाळ्यात मधोमध एवढा भार आणि झोळ १ मीटर असेल, तर तारेवर साडेसात किलोचा ताण येतो. झोळ अर्धा मीटर ठेवलात तर १५ किलो. १ मिमी मऊ तांबं पाच-सहा किलोलाच कायमचं लांबायला लागतं. वाऱ्याचे हिसके वेगळेच.

केबलचा भार मधल्या खांबावर घ्या, म्हणजे तीच १ मिमी तार पुरेल. मधे आधार देणं शक्य नसेल तर १.६ ते २ मिमीची हार्ड-ड्रॉन (ओढून कडक केलेल्या) तांब्याची किंवा तांबं चढवलेली पोलादी तार घ्या, आणि झोळ भरपूर ठेवा. तार धनुष्याच्या दोरीसारखी ताठ दिसायलाच हवी, हा आग्रह सोडा. झाडाला बांधत असाल तर त्या टोकाला पुली लावून वजन टांगा. झाड हललं की वजन वर-खाली होईल, तार ताणली जाणार नाही.

घरातल्या वायरिंगची १.५ किंवा २.५ चौ. मिमी तारही चालते. पीव्हीसी काढू नका. मात्र त्या आवरणामुळे रेझोनन्स दोन-चार टक्के खाली येतो. १४३ भागिले मेगाहर्ट्‌झ, एवढे मीटर (७.१० ला २०.१४) धरून वर २० सेंमी जास्त कापा. जास्तीची तार दोन्ही टोकांना सारखी दुमडून स्वतःभोवती पिळा आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून केबलमध्ये किती पॉवर परतते त्याचं माप) पाहत जुळवा. कापायची घाई नको. बहुतंतू तार बहुधा सोल्डर जिथे संपतो तिथेच तुटते, कारण तिथे ती कडक होते आणि वाऱ्याने रोज वाकते. तार आधी इन्सुलेटरच्या भोकातून ओवून पिळा, आणि सोल्डर मागच्या सैल शेपटावर करा, जिथे ताण येत नाही.

प्रश्न : मग १ मीटर व्यासाचा मॅग्नेटिक लूपही (कपॅसिटरने जुळवलेला छोटा गोल अँटेना) बारीक तारेचा केला तर?

उत्तर : इथे मात्र उत्तर उलटं. ७ मेगाहर्ट्‌झला एवढ्याशा लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स ०.००६ ओहम असतो. २ मिमी तारेचा रोध ०.३५ ओहम होतो, म्हणजे १०० वॉटपैकी दोन वॉटही बाहेर पडत नाहीत. २२ मिमीचा तांब्याचा पाइप घेतला तर सोळाएक वॉट. त्यातही जोडात नुसता ०.०३ ओहम आला की ते नऊवर येतात. म्हणून पाइप एकसंध वाकवा, आणि कपॅसिटरला तो स्क्रूने नव्हे, ब्रेझिंग करून जोडा.