एक बाजू आत, एक बाहेर

प्रश्न : निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी जुनं मोटरहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, घेतलं. सध्या मुक्काम ॲरिझोनात क्वार्टझसाइटला आहे. सोफ्याची स्लाइड-आउट खोली (मुक्कामात गाडीच्या भिंतीतून बाहेर सरकवायचा भाग) आत घेताना पुढची बाजू सरकते, मागची रेंगाळते. परवा तर निम्म्यात तिरकी होऊन अडकली. शेजाऱ्यांनी बाहेरून हात लावला तेव्हा कुठे आत आली. दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकेक मोटर आहे. त्या ज्यांवर चालतात त्या दातेरी पट्ट्यांना ग्रीस लावू का?

उत्तर : ग्रीस मुळीच नको. वाळवंटातली बारीक धूळ त्याला चिकटेल आणि दात्यांत कानशीसारखी घासत राहील. पट्ट्या मऊ ब्रशनं झाडा. करकर आवाज येत असेल तरच सुकं राहणारं पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) स्प्रे मारा.

पावसाळ्यात फुगलेला लाकडी खण एकाच कोपऱ्याला धरून ओढला की तिरका होऊन रुततो ना, तसंच तुमच्या खोलीचं झालंय. या पद्धतीत दोन्ही मोटरींना जोडणारा दांडा नसतो. कंट्रोलर, म्हणजे त्यांना चालवणारी इलेक्ट्रॉनिक पेटी, दोघींचे फेरे मोजतो आणि त्यांना बरोबरीनं चालवतो. ही मोजणी बिघडली की एक पुढे, एक मागे.

आधी बॅटरी बघा. माझी स्लाइड अशीच अडली होती, तेव्हा मी दोन दिवस मोटर खोलण्यात घालवले. दोष निघाला बॅटरीच्या गंजलेल्या टोकांत. पूर्ण चार्ज झालेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना १२.६ च्या आसपास दाखवते. स्लाइड चालू असताना आकडा धाडकन पडला तर टोकं घासून साफ करा आणि बाहेरची वीज जोडूनच पुढचं काम करा.

मग जुळवणी. वाटेत कोणी उभं नाही ना, हे बघून खोली पूर्ण बाहेर काढा. दोन्ही मोटरी आपोआप थांबेपर्यंत बटण सोडू नका. एक-दोन इंच आत घ्या, पुन्हा पूर्ण बाहेर काढा. दोघी साधारण एकाच वेळी थांबेपर्यंत हेच करत राहा. मध्येच थांबून टकटक बटण दाबण्याची सवय मोडा. मोजणी चुकायला तीही कारण होते. जुळल्यावर खोली निम्मी आत आणा आणि तिच्या बाहेरच्या चौकटीपासून गाडीच्या भिंतीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, टेपनं मोजा. ते सारखं यायला हवं.

एवढं करूनही मागची मोटर नुसती गुणगुणत राहिली आणि ती बाजू हललीच नाही, तर आतली जोडणी तुटली असणार. तेव्हा बटण अजिबात दाबू नका, मेकॅनिकलाच बोलवा. चालू बाजू ओढत राहिली तर भिंतीतली पट्टीच उखडते, आणि तो खर्च मोटरीपेक्षा फार मोठा.

खोली तिरकी राहत होती, म्हणजे मागचं रबरी सील नीट दबत नसणार. त्या कोपऱ्यातली जमीन अंगठ्यानं दाबून बघा. मऊ लागली तर पाणी आत शिरलंय. मग जुळवणीआधी ते काम.