बाटली कापली, आता तिची कड घासा

मागच्या अंकात सॉसच्या रिकाम्या काचेच्या बाटलीचं नरसाळं कसं करायचं ते लिहिलं होतं, त्यावर खूप पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढेच घेतेय.

ताई, व्हिडिओत बघून दोरा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवला, बाटलीला गुंडाळून पेटवला आणि मग बाटली थंड पाण्यात बुडवली. तीन बाटल्या फुकट गेल्या, एक तर उभी तडकली. माझं काय चुकतंय? (सांगली)

तुमचं काही चुकत नाहीये, ही पद्धतच बेभरवशाची आहे. दोरा जळतो तेव्हा बाटलीचा चांगला बोटभर रुंद पट्टा तापतो, त्यात तडा नेमका कुठून जायचा याला काही धरबंधच नसतो, आणि साच्यातून काढलेल्या बाटलीची जाडी सगळीकडे सारखी नसते त्यामुळे तडा वाट फुटेल तिकडे जातो. शिवाय घरात असलं काही पेटवणं मला अजिबात मान्य नाही, गॅसजवळ तर नाहीच नाही.

त्यापेक्षा एक साधा बॉटल कटर घ्या, ऑनलाइन मिळतो. रोलरवर बाटली आडवी ठेवायची, चरा पाडणाऱ्या छोट्या चाकाला थेंबभर शिलाई मशीनचं तेल लावायचं आणि हात स्थिर ठेवून बाटली एकदाच पूर्ण फिरवायची. एकदाच. रेघ नीट दिसत नाही म्हणून परत त्यावरून चाक फिरवलंत की कड दातेरी येणार म्हणून समजा. चरा बरोबर पडत असला की बारीक सलग करकर ऐकू येते, आवाज मध्येच बंद झाला तर तिथे चाक टेकलेलं नाही. बाटलीच्या दोन्ही बाजूंना साच्याची जी उभी जोडरेघ असते तिथे चाक हमखास उडी मारतं, तिथे जरा सावकाश.

मग त्या चऱ्यावर आधणाच्या पाण्याची बारीक धार धरून बाटली फिरवायची, अर्धा मिनिट पुरे, लगेच नळाखाली गार पाणी. परत गरम, परत गार. तीन-चार वेळात बाटली हातात अलगद सुटते. काचेतून उष्णता पटकन पसरत नाही, एक भाग फुगतो, शेजारचा तसाच राहतो आणि सगळा ताण त्या चऱ्यावर येतो, म्हणून ती तिथेच सुटते. सुटत नसेल तर ओढू नका, पिळू नका, अजून एक फेरा करा. चौकोनी बाटली या कटरवर जमत नाही, ती न कापता वापरा. आणि हातमोजे, चष्मा, पायात बूट हे सगळं असू द्या, घरात आपण अनवाणी असतो म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

बाटली छान कापली गेली, पण कड किती घासायची ते कळत नाही. (नाशिक)

हा प्रश्न आला याचा मला खरंच आनंद झाला, कारण कापायला दहा मिनिटं लागतात आणि खरं काम त्यानंतरचं आहे. सुरुवातीला मी दोन पेले केले होते, हाताला गुळगुळीत लागले म्हणून वापरायला काढले आणि माझ्या भाचीचा ओठ कापला. बारीकच होतं, पण तिचा रडवेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. त्यानंतर अर्धवट घासलेली वस्तू मी घरात ठेवलेली नाही.

हार्डवेअरच्या दुकानात काळा वॉटर पेपर मिळतो, १२०, २२०, ४०० आणि ६०० असे चार नंबर आणा. सपाट फरशीच्या तुकड्यावर कागद ठेवायचा, वर पाणी ओतायचं आणि बाटली उपडी धरून इंग्रजी आठच्या आकारात घासायची. १२० नंबरवर सगळ्यात जास्त वेळ जातो, कड पूर्ण सपाट आणि एकसारखी पांढरट होईपर्यंत पुढचा नंबर हातात घ्यायचाच नाही. हे झालं की बाहेरची आणि आतली धार कागदाच्या घडीने तिरकी घासून मोडायची. आतली धार सगळे विसरतात, आणि भांडं घासताना बोटं तिथेच जातात.

झालं की नाही ते बोटाने बघू नका. कापसाचा बोळा कडेवरून फिरवा, एक जरी तंतू अडकला तरी परत २२० पासून सुरू.

कोरडं घासायचं नाही, काचेची पूड श्वासात जाते. पाण्यात घासलं तरी मास्क लावा. राहिलेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, बादलीत गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी कुंडीत किंवा बाथरूममध्ये टाका आणि गाळ पेपरमध्ये बांधून कचऱ्यात.

अशा पेल्यात चहा चालेल का? (ठाणे)

नाही. बाटलीची काच साधी सोडा-लाइम असते, मायक्रोवेव्हच्या बऱ्याच भांड्यांची बोरोसिलिकेट असते, ती एकदम गरम-गार सोसते, ही सोसत नाही. आपण गरम-गार पाण्यानेच तर बाटली तोडली! ताक, सरबत, पन्हं यासाठी उत्तम. चमचे ठेवायला स्टँड केलात तर कढईतला तापलेला झारा त्यात उभा करू नका, एवढंच.

न कापता काही करता येईल का? हात कापेल म्हणून भीती वाटते. (वाशी)

येईल की, आणि माझ्या ओट्यावर सगळ्यात जास्त वापरात असलेली वस्तू न कापलेलीच आहे, तपकिरी काचेची तेलाची बुधली. उजेडाने तेल लवकर खवट होतं, गडद काचेत ते जास्त टिकतं. बाटली धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवा, लेबल सकाळी सोलून निघेल, चिकट राहिलंच तर खोबरेल आणि खाण्याचा सोडा चोळा. धुवून उन्हात पूर्ण वाळवा, आत पाण्याचा थेंब नको, वर स्टीलची ओतायची तोटी बसवा. बाहेरून रंगवायची असेल तर तोंडापासून दोन बोटं जागा सोडून, आतून कधीच नाही. आणि औषधाची, फिनाइलची, फवारणीच्या औषधाची बाटली खाण्याच्या वस्तूंना कितीही धुतली तरी नाही.

दोन रंगांच्या बाटल्या वितळवून ट्रे करायचाय, गॅसवर होईल? (पुणे)

गॅसवर नको. बाटली चपटी व्हायला साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सियस लागतात, शिवाय नंतर ५४० अंशांच्या आसपास थांबवून भट्टी हळूहळू गार करावी लागते, नाहीतर ट्रे दोन दिवसांनी आपोआप तडकतो. सिरॅमिकचं काम करणाऱ्या कोणाकडे इलेक्ट्रिक भट्टी असेल तर विचारा. पण दोन वेगळ्या बाटल्या एकत्र वितळवू नका, प्रत्येक काच गार होताना वेगवेगळी आक्रसते आणि जोड फुटतो. एकच बाटली चपटी करा, पापड-लोणचं वाढायला फार देखणा ट्रे होतो.

आजीच्या प्रभाकर कंदिलाची काच आहे, कापून मेणबत्तीचा स्टँड करू? (कराड)

कृपा करून कापू नका! ओगलेवाडीचा काचेचा कारखाना १९१६ चा, तुमच्या अगदी शेजारचा, तिथला तो कंदील आहे. काच स्वच्छ करून आहे तशी मेणबत्तीवर ठेवा, वाऱ्यापासून ज्योत सांभाळायलाच ती केलेली आहे. कापायला भंगारवाल्याकडून बाटल्या आणा.

फुटलेल्या तुकड्यांचं काय करायचं? (सोलापूर)

भंगारवाला काच घेत असेल तर त्याला द्या, काच पुन्हा पुन्हा वितळवता येते. घेत नसेल तर जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावा, वर मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा आणि घंटागाडीवाल्या दादांच्या हातात सांगून द्या, पिशवीत इतर कचऱ्यात मिसळून नको, ते लोक हाताने कचरा वेगळा करतात.