उंची वाढवणारे बूट घातले की अवघडल्यासारखं होतं, सवय कशी लावू?

तुम्ही लिहिलंय की वय २७, उंची पाच फूट तीन इंच, राहायला देवगडजवळ. तीन इंच उंची वाढवणारे बूट ऑनलाइन मागवले, पण घातले की पोटऱ्या भरून येतात, चाल बदलते आणि सगळे आपल्या पायांकडेच बघतायत असं वाटतं. वैशाखात साखरपुडा आहे, तोवर सवय व्हायला हवी.

माझी उंची तुमच्याएवढीच आहे. औषध कंपनीत एमआर आहे, म्हणजे डॉक्टरांकडे फिरून औषधांची माहिती देतो. रत्नागिरी, लांजा, राजापूर, तळेरे, कणकवली हा माझा पट्टा. अकरा वर्षं ही नोकरी करतोय आणि त्यातली दहा वर्षं आतून टाच असलेले बूट वापरतोय. म्हणून सविस्तर लिहितो.

तो तीन इंचांचा जोड परत करता येत असेल तर आधी परत करा. तीन इंच म्हणजे साडेसात सेंटिमीटर. बाहेरून दिसणारी टाच त्यात बहुतेक वेळा धरलेली असते, पण पायाला त्याचं काय! पायाला कळतो तो उतार. टाच एवढी वर गेली की अंगाचा भार चवड्यावर येतो आणि पोटरी व टाचेमागची जाड शीर दिवसभर आखडून राहते. आपण लहानपणापासून अनवाणी नाहीतर सपाट स्लिपरवर वाढलो. अशा पायाला एका दिवसात साडेसात सेंटिमीटर दिले तर तो दुखणारच. तुमचं काही चुकलेलं नाही.

सुरुवात दीड-दोन सेंटिमीटरपासून करा. सिलिकॉनच्या किंवा कॉर्कच्या टाचेखाली घालायच्या पट्ट्या मिळतात, त्या तुमच्या नेहमीच्या लेसच्या बुटात घाला. दोन्ही पायांत सारख्या जाडीच्या. पहिला आठवडा रोज तासभर, तोही घराच्या खळ्यात. मग बाजारापर्यंत, मग अर्धा दिवस. मला पूर्ण दिवस घालायला तीन आठवडे लागले होते. साध्या बुटात दोन सेंटिमीटरच्या वर जाऊ नका, टाच बुटाच्या मागच्या काठावरून बाहेर निसटायला लागते. त्यापुढची उंची हवी असेल तर त्यासाठीच बनवलेला जोड घ्यावा लागतो, ज्याची मागची बाजू आणि कडा मुळातच उंच असतात.

रात्री घरी आल्यावर एक गोष्ट न चुकता करा. पायरीच्या काठावर फक्त चवडे टेकवा, भिंतीला हात लावा आणि टाचा हळूहळू खाली सोडा. पोटरीला ताण बसतो तिथे तीस आकडे मोजा. दोन-तीन वेळा. दिवसभर आखडलेली शीर मोकळी होते. मी पहिलं वर्षभर हे केलं नाही, आणि मग सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत कळ यायला लागली. तशी कळ आली तर बूट बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. पोटरी दोन-चार दिवस ओढल्यासारखी वाटते ते वेगळं, ते जातं. मधुमेह असेल, पायाला बधिरपणा असेल तर मात्र या वाटेला जाऊच नका.

जोड घेताना संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. उतारामुळे पाऊल पुढे घसरतं, म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. घालताना टाच मागे ठोकून बसवा आणि मग लेस शेवटच्या भोकापर्यंत घट्ट बांधा. माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती ती लेस सैल ठेवल्यामुळे.

आता आपल्या मुलखाचं. या बुटांनी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढताना काही वाटत नाही, उतरताना वाटतं. पाऊल आधीच खाली झुकलेलं असतं, त्यात पायरी खाली, म्हणजे सगळा भार बोटांवर. पाऊल जरा आडवं टाकून उतरायचं. पावसाळ्यात मात्र जांभ्याच्या चिऱ्यांवर शेवाळ धरलं की हे बूट नकोतच. दुसऱ्याच पावसाळ्यात राजापूरच्या अलीकडे एका गावात माझा घोटा मुरगळला आणि तीन आठवडे बाइकला हात लावता आला नाही. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी सपाट सँडल वापरतो.

आणि पावसाळाभर ते खोक्यात बंद ठेवू नका. अशा बुटांचे सोल बरेचदा पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन या हलक्या प्लास्टिकचे असतात, आणि दमट हवेत ते आतून विरत जातात. एकदा गणपतीच्या तोंडावर मी खोकं उघडलं, बूट वरून नव्यासारखे, आणि दाबून बघितला तर सोलचा शिळ्या भाकरीसारखा चुरा हातात आला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात रबरी सोलच घ्यावा, आणि बूट कागद कोंबून वाऱ्यावर ठेवावेत.

बाइक चालवत असाल तर आधी मोकळ्या रस्त्यावर सराव करा. सिग्नलला पाय पूर्ण टेकतो हे फार सुखाचं, पण मागच्या ब्रेकवर पाय नकळत दाबून राहतो.

लोक बघतायत असं वाटतं, त्याचं सांगतो.

शहरात हे बूट सकाळी घातले की रात्री काढायचे. आपल्याकडे दिवसातून दहा वेळा काढावे लागतात. पडवीत, देवळात, बँकेतल्या ओळखीच्या माणसाच्या घरी, कित्येक डॉक्टरांच्या दवाखान्याच्या दारातही. उंची दारात राहते आणि आपण आत जातो. मी पंचविशीत पहिला जोड घेतला तो तुमच्यासारखाच तीन इंचांचा. तो घालून देवगडकडच्या एका घरी मुलगी बघायला गेलो. चिऱ्याच्या पायऱ्यांवर बूट काढले आणि पँटचे पाय एकदम टाचांखाली आले. सारवलेल्या खळ्यातून मी पँट तुडवत चाललो होतो. मुलीची आजी ओटीवर बसली होती. तिने अगदी मायेने सांगितलं, "झिला, पँट वर घे रे, माखतली ती." मी वाकून दोन दुमडी घातल्या. कोणी हसलं नाही, कोणी बूट बघितले नाहीत, पण त्या घरात मी पोहे खाल्ले ते मान खाली घालून. पुढे पत्रिका जुळली नाही. घरी आल्यावर तो जोड मी माळ्यावर टाकला.

दुसऱ्या वेळी दीड इंचापासून सुरुवात केली आणि पाच सेंटिमीटरवर थांबलो. आपल्याकडे पुरुषाची सरासरी उंची पाच फूट पाच इंचांच्या आसपास आहे, तुम्हाआम्हाला तिथे पोहोचायला पाच सेंटिमीटर पुरतात. काढल्यावर जो फरक पडतो तो समोरच्याच्या लक्षात आला तरी त्याला धक्का बसत नाही, आणि आपल्यालाही मान खाली घालावी लागत नाही.

तरीही मनात धाकधूक होतीच. ती गेली लांज्याच्या बाजूला एका दवाखान्यात. अवकाळी पाऊस आला, बाहेर चपलांची रांग भिजायला लागली. कंपाउंडर धावत जाऊन सगळ्यांच्या चपला आत घ्यायला लागला. माझा एक बूट उचलला, हातात तोलला आणि तिथूनच म्हणाला, "साहेब, बूट भारीच जड हो तुमचा." बाकावर सात-आठ पेशंट बसलेले. मी म्हटलं, "आतून टाच आहे त्याला, उंचीसाठी." तो म्हणाला, "असं होय," आणि दोन्ही बूट बाकाखाली सरकवून पुढची चप्पल आणायला गेला. बाकावरच्या एका काकांनी किंमत विचारली. एवढंच झालं. सहा वर्षं ज्या वाक्याला मी घाबरत होतो ते बोलून झालं होतं. तेव्हापासून कोणी विचारलं की मी सरळ सांगतो. तुम्हीही एक वाक्य तयार ठेवा, आणि ते पहिल्यांदा एखाद्या जवळच्या मित्रापाशी बोला.

साखरपुड्याचं आता. तिथे तुम्ही पाटावर बसणार, तेही अनवाणी. पुढे लग्नातही अंतरपाट धरला जाईल तेव्हा पाटावर अनवाणीच उभे असाल, आणि सगळ्यात जास्त फोटो त्याच वेळचे निघतील. बूट उपयोगी पडतील ते हॉलमध्ये शिरताना आणि नंतरच्या रिसेप्शनला. म्हणून मुलीला आधीच सांगून ठेवा, फोनवर का होईना. बायोडेटात पाच फूट तीन लिहिलंय ना? नसेल, तर बुटांच्या आधी ते दुरुस्त करा, त्यात मी तडजोड सांगणार नाही. माझ्या बायकोला मी पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. ती माझ्याहून एक इंच उंच आहे. आता नवीन जोड घ्यायचा असला की तीच मागून बघून सांगते की चाल सरळ आहे की नाही, आणि हे काम दुसऱ्या कोणाकडून नीट होत नाही. आपण आरशात बघायला गेलो की चाल आपोआप बदलते.

एक राहिलं, शिंप्याचं. साखरपुड्याची पँट शिवायला टाकताना बूट पिशवीत घालून सोबत न्या. आधी अनवाणी उभे राहा आणि काठ जमिनीला टेकणार नाही एवढी लांबी धरायला सांगा. मग बूट घालून बघा, घोट्याशी थोडा मोजा दिसला तर दिसू दे. शिंपी म्हणेल, आखूड होईल. होऊ दे. आत दोन बोटं कापड दुमडून ठेवायला सांगा, नंतर सोडता येतं. पूजेला, पंगतीला, पाया पडायला दिवसभर तुम्ही अनवाणीच फिरणार आहात.