जाड हातमोजे घालूनही मोटरसायकलवर बोटे बधिर का होतात?

दोन स्वेटर आणि जाड हातमोजे घालूनही थोड्याच वेळात बोटे बधिर होतात, तर आणखी जाड हातमोजे घ्यावेत का, असे आपण विचारले आहे. माझे मत असे की हातमोजांचा विचार नंतर करावा, आधी छाती आणि मान यांकडे पाहावे. धड गार पडू लागले की आतल्या अवयवांची ऊब टिकवण्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. एकदा बोटांपर्यंत पुरेसे रक्त पोहोचेनासे झाले, की हातमोजा कितीही जाड असला तरी उपयोग होत नाही, कारण तो स्वतः उष्णता निर्माण करत नाही, असलेली केवळ राखून ठेवतो.

धड गार पडते ते मुख्यतः वाऱ्यामुळे. हवेचे तापमान 10 अंश सेल्सिअस असताना ताशी 80 किलोमीटर वेगाने गेल्यास उघड्या त्वचेला सुमारे 4 अंशांइतका गारठा जाणवतो. तापमान 5 अंश असेल तर तोच उणे 3 च्या आसपास जातो. स्वेटरच्या विणीतून हा वारा सहज आत शिरतो आणि धाग्यांमध्ये साठलेली उबदार हवा बाहेर काढतो, त्यामुळे दुसऱ्या स्वेटरपेक्षा वारा अडवणारा एक पातळ थर अधिक कामाचा ठरतो. मी हिवाळ्यात कोरड्या दिवशीही जॅकेटवरून रेनकोट चढवतो. काहीच हाताशी नसेल तर जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राच्या घड्या ठेवाव्यात. हा जुना उपाय खरोखर चालतो. गळा, मनगटे आणि कंबर येथे फट राहू देऊ नये. मात्र मफलरची टोके जॅकेटच्या आत नीट खोचावीत, कारण लोंबते टोक चाकात किंवा साखळीत अडकू शकते.

अंगालगतचा कपडा सुती नसावा, कारण सूत घाम धरून ठेवते आणि ओला कपडा अंगाची ऊब झपाट्याने घालवतो. त्याऐवजी लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा घालावा. घट्ट हातमोजे किंवा बुटात कोंबलेले दोन-दोन पायमोजे हेही टाळावे, कारण दाबामुळे रक्तप्रवाह आणि आतली हवा दोन्ही कमी होतात.

एवढे केल्यावर हातांकडे वळावे. हँडलवर बसवायचे कापडी किंवा रेग्झिनचे हातकव्हर दिसायला बोजड असले, तरी मला ते सर्वांत परिणामकारक वाटते. बसवल्यावर क्लच आणि ब्रेक अडथळ्याविना दाबता येतात ना, हे गाडी उभी असतानाच तपासावे. विजेवर तापणाऱ्या मुठी तळवे गरम ठेवतात, पण हाताच्या वरच्या बाजूला वारा लागतच राहतो, म्हणून त्यांच्या जोडीला वारा अडवणारे काहीतरी हवेच.

ब्रेक दाबायला बोटे उशीर करू लागली किंवा कुडकुडणे थांबेना, तर लगेच थांबावे. हात काखेत धरून उबवावेत. सायलेन्सरजवळ कदापि नेऊ नयेत, कारण बधिर बोटांना चटका कळत नाही. गरम पेय घ्यावे, मद्य घेऊ नये. त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर ऊब वाटते आणि शरीर उलट लवकर गार पडते. सोबतचा चालक अडखळत बोलू लागला किंवा गोंधळल्यासारखा वाटला, तर त्याला पुन्हा गाडीवर बसू न देता आडोशाला न्यावे आणि वैद्यकीय मदत मागवावी.