गुरुवारची आनंदाची रहस्ये

प्रिय ताई,
आम्ही वसई तालुक्यातील एका गावात राहतो. आमच्या घरी रोज रात्री आठ वाजता जपमाळ, म्हणजे मणी मोजत म्हणायची मरियेची प्रार्थना, होते. माझा सोळा वर्षांचा मुलगा नाताळपासून प्रार्थनेला बसत नाही. हाक मारली की ‘तुमचं होऊ द्या’ म्हणतो आणि मोबाइल घेऊन आतल्या खोलीत जातो. यजमान चिडतात आणि नेमक्या प्रार्थनेच्या वेळी घरात भांडण होते. सासूबाई ८३ वर्षांच्या आहेत. पूर्वी जपमाळ त्याच चालवत असत, पण अलीकडे त्यांच्याकडून चुका होऊ लागल्या. गुरुवारी आनंदाची आणि शनिवारी गौरवाची रहस्ये (येशू आणि मरिया यांच्या जीवनातले प्रसंग) घेतात, दहाच्या जागी बारा-तेरा वेळा ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणतात आणि नातवाला त्यांना थांबवावे लागत असे, म्हणून आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांपासून, आम्ही मोबाइलवर ध्वनिमुद्रित जपमाळ लावतो. मुलगा श्रद्धेपासून दूर चालला आहे या भीतीने मला झोप लागत नाही. फादरांना घरी बोलावून त्याला समज द्यायला सांगू का?
– एक आई

प्रिय भगिनी,
फादरांना बोलावू नका. तुमच्या पत्रातील बहुतेक ओळी मुलाविषयी आहेत, पण मी पुन्हा पुन्हा वाचली ती सासूबाईंविषयीची मोजकी वाक्ये, जी तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहेत.

आधी त्यांच्यावरील आरोपाचे पाहू. गुरुवारी आनंदाची आणि शनिवारी गौरवाची रहस्ये घेणे ही चूक नाही. २००२ सालापर्यंत जपमाळेत तीनच प्रकारची रहस्ये होती आणि सोमवारी व गुरुवारी आनंदाची, मंगळवारी व शुक्रवारी दुःखाची, तर बुधवारी, शनिवारी आणि रविवारी गौरवाची रहस्ये म्हणण्याचा प्रघात होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची रहस्ये सुचवली, त्यांना गुरुवार मिळाला आणि आनंदाची रहस्ये शनिवारी गेली. ही भर घालतानाही ती स्वीकारण्याचे स्वातंत्र्य त्यांनी व्यक्तींना आणि समुदायांना दिले होते. त्या वेळी तुमच्या सासूबाई साठीच्या आसपास होत्या, म्हणजे निदान पन्नास वर्षे त्यांचे ओठ दर गुरुवारी आनंदाच्या रहस्यांवरच गेलेले होते. म्हातारपणात माणसाच्या अलीकडच्या आठवणी आधी पुसट होतात आणि लहानपणी पाठ झालेले टिकून राहते. त्यांच्या बाबतीत तेच घडत असावे. ज्याला तुम्ही विसरणे म्हणता, ते त्यांच्या आईने शिकवलेले आठवणे आहे.

त्यांच्या लहानपणी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होत असे. जगभरच्या बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ती लोकांच्या भाषेत आली. तोपर्यंत आपल्या खेड्यांतल्या घरांत स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या तोंडाने रोज करायची प्रार्थना म्हणजे मुख्यतः जपमाळच होती, आणि ती चालवण्यासाठी धर्मगुरू लागत नव्हता, घरातले वडीलधारे माणूस पुरत असे. याच परिषदेने १९६४ साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा (चर्च) म्हटले आणि आईवडिलांनी शब्दाने व उदाहरणाने आपल्या मुलांना श्रद्धेची पहिली घोषणा ऐकवावी, असे सांगितले. ते काम तुमच्या घरात इतकी वर्षे सासूबाईंनी केले आणि आगमनकाळात तुम्ही ते त्यांच्या हातून काढून घेतले. त्यांना तसे विचारले होते का, हे पत्रात कोठेही नाही. मला याचा राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

आता मुलाकडे वळू. ध्वनिमुद्रित जपमाळ आगमनकाळात सुरू झाली आणि मुलगा नाताळपासून उठून गेला. या दोन गोष्टी तुम्हीच एका पत्रात लिहिल्या आहेत, पण शेजारी ठेवून पाहिलेल्या नाहीत. जपमाळ ही दोन आवाजांची प्रार्थना आहे. एकाने नमो मरियेचा पूर्वार्ध म्हणायचा, बाकीच्यांनी ‘पवित्र मरिये’पासून पुढचा भाग उचलायचा, आणि उत्तर आले नाही तर म्हणणारा थांबतो. यंत्र कोणासाठी थांबत नाही, ते दोन्ही भाग स्वतःच म्हणते. सासूबाई चुकत होत्या तोवर त्या घरात तुमच्या मुलाला एक काम होते: आजीच्या शेजारी बसायचे, मणी मोजायचे आणि दहा झाल्या की तिला थांबवायचे. सोळा वर्षांच्या मुलाला श्रद्धेविषयी कितीही शंका असोत, आजी आपल्यावाचून अडते हे त्याला कळत होते, म्हणून तो बसत होता. तुम्ही ते काम मोबाइलला दिले आणि आता तो मोबाइल घेऊन आत जातो म्हणून त्याला बोल लावता. ‘तुमचं होऊ द्या’ हे त्याचे उत्तर मला उद्धटपणाचे वाटत नाही. त्या प्रार्थनेत त्याचे काही उरलेलेच नाही.

यजमानांच्या चिडण्याविषयी मी फारसे लिहीत नाही. भांडण प्रार्थनेच्या वेळी होते, त्या वेळचे चित्र बदलले की ते बरेचसे निवळेल. मुलाला हाका मारणे मात्र दोघांनीही आजपासून बंद करावे.

तुम्ही एकच गोष्ट करायची आहे. आज रात्री आठ वाजता मोबाइल बंद करून कपाटात ठेवा, सासूबाईंच्या हातात त्यांची माळ द्या आणि ‘आई, आजपासून पुन्हा तुम्ही चालवा’ असे आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगा. त्यांच्या शेजारची जागा रिकामी सोडा, तेथे तुम्ही बसू नका. त्या बारा म्हणोत की पंधरा, तुम्ही दुरुस्त करायचे नाही, यजमानांनीही नाही. मोजणारा आत बसलेला आहे आणि त्याला सगळे ऐकू येते. पहिल्या दिवशी तो येणार नाही, कदाचित आठवडाभरही येणार नाही, तरी त्या जागेवर दुसऱ्या कोणाला बसवू नका. आणि गुरुवारी सासूबाईंनी देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपापासून, म्हणजे आनंदाच्या पहिल्या रहस्यापासून, सुरुवात केली, तर तुम्ही सर्वांनी तेथूनच उत्तर द्या.

तुमची,
ताई