खिशातली वही, फाउंटन पेन आणि जीएसएमचा घोळ

"100 जीएसएमची पॉकेट डायरी घेतली तरी शाई फुटते, मागच्या पानावर उतरते, माझं पेन खराब आहे का?" हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो, हाच त्रास मी भरपूर भोगलाय. पेन बहुतेक ठीक असणार, कागदच वाईट आहे.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, बस. शाई आत किती शिरणार ते ठरतं साइझिंगवर, म्हणजे मिलमधे लगद्यात आणि कागदाच्या वरून स्टार्च वगैरे जे देतात त्यावर. जपानचा तोमोए रिव्हर नावाचा कागद 52 जीएसएमचा, मागचं अक्षर आरपार दिसतं पण शाई फुटत नाही. आणि आपल्याकडच्या कित्येक जाडजूड डायऱ्या टीपकागदासारखी शाई पितात.

आता माझं सांगतो. मी फर्निचरची कामं करतो, साइटवर मापं खिशातल्या वहीतच लिहितो. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून (नाव घेत नाही) एक वही मागवली, कव्हरवर "इंक प्रूफ, 100 जीएसएम", आणि खरंच उत्तम निघाली. म्हणून अख्खा गठ्ठा मागवला. कव्हर तेच, छपाई तीच, आतला कागद वेगळाच! उजेडात धरला तर ढगाळ, ठिकठिकाणी पातळ-जाड. त्यात एका किचनच्या शटरचं माप 563 लिहिलं होतं, शाई फुटून तीनचं पोट भरलं, पानाचा फोटो वर्कशॉपला पाठवला होता, तिथे ते 568 वाचलं गेलं. पाच मिलिमीटरने शटर बसेना, सगळं नव्याने कापावं लागलं, प्लाय गेला, लॅमिनेट गेलं आणि क्लायंटचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. विक्रेत्याला दोन्ही वह्यांचे फोटो पाठवले तर दरवेळी एकच उत्तर: "सर, जीएसएम सेम आहे." पुढे म्हणे पानावर लिहिलंय म्हणजे वापरलेला माल, परत घेता येणार नाही. अहो, लिहिल्याशिवाय कागद कळणार कसा? कागदाची मिल बदलली असेल तर तसं छापा ना कव्हरवर, गिऱ्हाईक समजून घेतं. या गोष्टीचा मला अजूनही राग येतो.

तेव्हा माझं ठाम मत, एक वही आवडली तरी गठ्ठा घेऊ नका, घ्यायचाच तर त्याच लॉटचा, आणि दुकानात जाऊन. स्वतःचं पेन स्वतःच्या शाईसकट न्या, शेवटच्या पानावर लिहून बघायची परवानगी मागा, भले दुकानदार कंटाळेल. पानाच्या दोन्ही बाजूंना लिहा, कारण कागदाची जाळीकडची बाजू (मिलमधे लगदा ज्या जाळीवर पसरतात तिला टेकलेली) आणि वरची बाजू कधीकधी वेगळी वागते. आणि देवनागरीच लिहा. शिरोरेघ संपते तिथे निब टेकतं, शाई साचते, आणि तो ठिपका मागे उतरला की पलीकडच्या ओळीवर अनुस्वार दिसायला लागतो. घरी असाल तर पाण्याचा थेंब टाकून बघा, चांगल्या साइझिंगवर तो गोल बसून राहतो, नाहीतर लगेच मुरतो.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. टेबलावरच्या वहीला जो कागद भारी तो खिशातल्या वहीला भारी असेलच असं नाही. तोमोए रिव्हरवर शाई वाळायला फार वेळ लागतो, आपण उभ्या उभ्या लिहून वही मिटतो, की समोरच्या पानावर छाप. मला तरी खिशासाठी मधला कागद बरा वाटतो, बारीक निबने (पायलट पेनचं एफ, म्हणजे फाइन निब, लॅमी पेनच्या एफपेक्षा बारीक लिहितं) आणि कोरड्या, म्हणजे निबमधून कमी वाहणाऱ्या शाईने. पेलिकन 4001 ब्लू ब्लॅक ही शाई साध्या कागदावरही बऱ्यापैकी आवरून राहते, फक्त ती आयर्न गॉल, म्हणजे लोहाचा क्षार असलेली शाई आहे, पेनमधे वाळू देऊ नका, अधूनमधून पेन धुवा. तुमच्या पेनला मानवेल का ते तुम्हीच बघा, माझी गॅरंटी नाही.

मी हल्ली विकतची वही घेतच नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन बॉन्ड पेपरचे सुटे ए-फोर कागद आणतो, आधी दोन-चारच, लिहून बघतो, मग त्याच गठ्ठ्यातले बाकीचे. सहा ए-फोर अर्धे कापले की बारा ए-फाइव्ह, ते मधे दुमडले की ए-सिक्सची 48 पानं, म्हणजे पाठपोट धरून. ए-फोरचा ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, सहसा लांबीत असतो, त्यामुळे घडी ग्रेनच्या दिशेनेच पडते आणि वही सपाट उघडते. मधे तीन भोकं, सुई-दोरा, झालं. शर्टाच्या खिशाला ए-सिक्स जरा रुंद पडते, कटिंगवाल्याकडून मोकळ्या बाजूने 90 मिलिमीटरला कापून घ्या.

पावसाळ्यात खिशात घामाने आणि दमटपणाने चांगला कागदही शाई फोडायला लागतो, तेव्हा वही झिपच्या पिशवीत ठेवा, आणि आत टीपकागदाचा एक तुकडा. तुमचं पेन आणि शाई कोणती ते लिहिलंत तर आणखी नेमकं सांगता येईल.