कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या प्लांटवरून गगनबावड्याला काँक्रीट आणि डांबरी मिक्स नेलं तर चालेल का?

चालेल, पण काँक्रीटमध्ये रिटार्डर (घट्ट होणं लांबवणारं रसायन) हवाच. तयार काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४९२६) एरवी लोडिंगपासून २ तासांत गाडी रिकामी व्हायला लागते. अंतर साठेक किमी. भरलेला ट्रान्झिट मिक्सर रंकाळ्याच्या गर्दीतून कळे गावाकडे लागेपर्यंतच बराच वेळ खातो. खरा घोळ साइटवर होतो: माल घट्ट झाला की ड्रायव्हर ड्रममध्ये पाण्याचा पाइप सोडतो. स्लंप (मालाचा पातळपणा) मिळतो, स्ट्रेंथ जाते. पाणी नको, मिक्स डिझाइनमध्ये ठरलेला अॅडमिक्श्चरचा (काँक्रीटमध्ये घालायच्या रसायनाचा) डोस देऊन ड्रम जोरात फिरवून घ्या. डांबरी मिक्सला मात्र घड्याळ नाही, थर्मामीटर लावायचा. व्हीजी-३० ग्रेडचं डांबर असेल तर पसरताना १४० अंशांच्या खाली नको, म्हणून डंपरवर ताडपत्री घट्ट बांधा. पावसाळ्यात गगनबावड्याला डांबरीकरणाचा विचारच सोडा.